यादी कोणाची? बातमीपत्राच्या स्थलांतराचा इतिहास

(दीर्घ थ्रेड)

नोव्हेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे ‘डेली कम्पास’ हे दैनिक बंद पडले आणि आय. एफ. स्टोन या पत्रकाराची नोकरी गेली. पत्र पायाखालून सरकण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती. ‘पीएम’ हे दैनिक १९४८ मध्ये मिटले, त्याच्या जागी आलेले ‘न्यूयॉर्क स्टार’ १९४९ च्या आरंभीच संपले, आणि त्यानंतरच्या ‘कम्पास’ला जेमतेम साडेतीन वर्षांचे आयुष्य लाभले. तिन्ही पत्रांत स्टोन होते आणि तिन्ही त्यांच्या देखत बुडाली. वय पंचेचाळिशीला टेकलेले, कानांनी अधू, मते डावी, आणि देशात सेनेटर मॅकार्थी यांच्या नावाची दहशत. अशा माणसाला जागा देईल असे मोठे दैनिक त्या काळी अमेरिकेत उरले नव्हते.

स्टोन यांनी स्वतःचे साप्ताहिक बातमीपत्र काढावयाचे ठरविले. चार पाने, जाहिराती नाहीत, वार्षिक वर्गणी ५ डॉलर. भांडवल म्हणजे ‘कम्पास’कडून मिळालेली ३,५०० डॉलरांची रक्कम आणि एका स्नेह्याने दिलेले ३,००० डॉलरांचे कर्ज. एवढ्या पैशात छापखाना तर सोडाच, धड कचेरीही उभी राहत नाही. तरीही १७ जानेवारी १९५३ रोजी ‘आय. एफ. स्टोन्स वीकली’चा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याचे ५,३०० वर्गणीदार पैसे भरून बसलेले होते.

हे वाचक आले कोठून? स्टोन यांनी ते रहस्य पुढे स्वतःच सांगून टाकले. ‘पीएम’, ‘स्टार’ आणि ‘कम्पास’ ही पत्रे मेली होती, पण त्यांच्या वाचकांच्या पत्त्यांच्या याद्या जिवंत होत्या. त्या याद्या आणि स्टोन यांची पुस्तके विकत घेणाऱ्यांचे पत्ते एकत्र करून वर्गणीचे आवाहन करणारी पत्रे टपालाने धाडण्यात आली. तीन बुडालेल्या जहाजांतून वाचवलेला माल तेवढाच होता. मजकूर, नाव, मालक, छपाई हे सारे बदलले. वाचकांचे पत्ते मात्र तेच राहिले.

आज ई-मेलद्वारे बातमीपत्र चालविणाऱ्या लेखकांपुढे वारंवार एक प्रश्न उभा राहतो. ज्या प्लॅटफॉर्मवरून ते प्रसिद्ध होते तो सोडून दुसरीकडे जावे काय? या प्रश्नाची चर्चा सहसा सोयी, शुल्क आणि रचना यांच्या तुलनेत अडकून पडते. स्टोन यांच्या उदाहरणावरून पाहिले तर खरा प्रश्न निराळा दिसतो: निघताना वाचकांची यादी कोणाच्या हातात असेल?

या यादीचे महत्त्व कायद्यालाही फार पूर्वी कळले होते. अमेरिकेच्या ३ मार्च १८७९ च्या टपाल कायद्याने टपालाचे चार वर्ग केले. नियतकालिकांसाठी दुसरा वर्ग, आणि त्याचे दर अत्यल्प. पण ही सवलत हवी असेल तर पत्रापाशी वर्गणीदारांची खरीखुरी यादी असली पाहिजे, अशी अट होती. फुकट वाटल्या जाणाऱ्या जाहिरातपत्रकांनी सवलत लाटू नये, हा त्यामागील हेतू. भारतातही १८९८ च्या टपाल कायद्यात वर्तमानपत्राच्या नोंदणीसाठी तशाच दोन अटी होत्या: अंकांमधील अंतर ३१ दिवसांहून अधिक नसावे, आणि वर्गणीदारांची प्रामाणिक यादी असावी. मराठी मासिकांच्या घडीवर डकवलेली पत्त्याची चिठ्ठी आणि पानावर छापलेला टपाल नोंदणी क्रमांक पाहत मोठ्या झालेल्या पिढीला ही व्यवस्था परिचित आहे. त्या क्रमांकामागे पत्त्यांची एक वही असे, आणि त्या वहीवाचून सवलतीचे तिकीट नसे.

स्टोन यांनाही दुसऱ्या वर्गाचा परवाना लागणार होता. त्याशिवाय ५ डॉलरांत वर्षभर अंक पाठविणे अशक्यच. मॅकार्थीच्या ऐन भरात, सरकारच्या या कडव्या टीकाकाराला सरकारी टपालखात्याने तो दिला, आणि तोही मतांविषयी एक प्रश्न न विचारता. स्टोन यांनी ही गोष्ट नंतर कृतज्ञतेने नमूद केली आहे. वाटप करणारी यंत्रणा मजकुराच्या बाबतीत तटस्थ असेल तर केवढा फरक पडतो, हे सांगणारे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे, आणि तेव्हा तो इतका सरळ उरणार नाही.

थोडे पुण्याकडे वळणे येथे अस्थानी होणार नाही.

‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत आर्यभूषण छापखान्यातून सुरू झाला आणि गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेले, तेव्हा ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. एक वर्षाने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांचा ‘सुधारक’ निघाला. या घटनेकडे विचारांचा संघर्ष म्हणून पाहण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. पण व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर आगरकरांची अवस्था स्टोन यांच्या नेमकी उलट होती. सोडलेले पत्र बुडाले नव्हते. ते जोमात होते. त्याचे वर्गणीदार त्याच्याशीच राहिले. सहा-सात वर्षे ज्यांनी आगरकरांचे अग्रलेख वाचले त्या वाचकांना ‘सुधारक’ने पुन्हा एकेक करून मिळवायचे होते. आगरकरांपाशी लेखणी होती, वही नव्हती.

त्याच घराची दुसरी वाटणी १८९१ मध्ये झाली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ टिळकांकडे आले आणि आर्यभूषण छापखाना उरलेल्या भागीदारांकडे गेला. पत्र एकाचे, यंत्र दुसऱ्याचे! आजच्या भाषेत ज्याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात तो आणि मजकूर येथे कागदोपत्री विभक्त झाले, तरी पुढेही कित्येक वर्षे ‘केसरी’ आर्यभूषणातच छापला जात होता. या नात्यातील जोखीम १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात उघडी पडली. आरोपीच्या पिंजऱ्यात टिळकांशेजारी मुद्रक केशव महादेव बळ हेही उभे होते. बळ निर्दोष सुटले, टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण दुसऱ्याचा मजकूर छापणाऱ्याने त्या मजकुराची जबाबदारी कितपत घ्यावी, हा प्रश्न त्या खटल्याने मुंबई उच्च न्यायालयात नेऊन ठेवला होता. सव्वाशे वर्षांनंतर सान फ्रान्सिस्कोतील एका कंपनीला तोच प्रश्न विचारला जाणार होता. फरक एवढाच की या वेळी तो सरकारने नव्हे, लेखकांनी विचारला.

ई-मेलचा पाया १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या ‘एसएमटीपी’ या नियमावलीत आहे. तिचे वैशिष्ट्य असे की तिला मालक नाही. एका कंपनीच्या पेटीतून दुसऱ्या कंपनीच्या पेटीत पत्र विनासायास जाते. फेसबुकवरील अनुयायी फेसबुकबाहेर नेता येत नाहीत, ट्विटरवरील ट्विटरबाहेर. ई-मेलचा पत्ता मात्र कोठूनही गाठता येतो. सोशल मीडियाच्या ऐन बहरात, २०१० नंतर, जुनाट वाटणारे हे माध्यम लेखकांना पुन्हा का आवडू लागले, याचे उत्तर यातच आहे. फिलिप कॅपलन यांनी २०१० मध्ये ‘टायनीलेटर’ सुरू केले. साधे, फुकट, पाच हजार वाचकांपर्यंत पत्र पाठवू देणारे. पुढील वर्षी ते मेलचिंप या कंपनीने विकत घेतले. व्यक्तिगत निबंध लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी तेथे नांदली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ते बंद करण्यात आले.

‘रेव्यू’ची कथा याहून बोलकी. नेदरलँड्समध्ये जन्मलेली ही सेवा ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये खरेदी केली आणि लेखकांना मोठी आशा वाटली: जेथे वाचक आहेत तेथूनच वर्गणीदार मिळतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली. १८ जानेवारी २०२३ हा रेव्यूचा शेवटचा दिवस ठरला. त्यानंतर तेथील सर्व विदा पुसली जाणार होती. ज्यांनी मुदतीत यादी उतरवून घेतली त्यांचे बातमीपत्र दुसऱ्या पत्त्यावर चालू राहू शकत होते. ज्यांनी घेतली नाही त्यांच्या वाट्याला आगरकरांचे प्राक्तन आले, तेही कोणत्याही वैचारिक मतभेदाशिवाय.

या पार्श्वभूमीवर सबस्टॅक ही कंपनी समजून घ्यावी लागते. ख्रिस बेस्ट, हॅमिश मॅकेन्झी आणि जयराज सेठी यांनी ती २०१७ मध्ये स्थापन केली. तिचे पहिले बातमीपत्र बिल बिशप यांचे चीनविषयक ‘सिनोसिझम’. हेही एक स्थलांतरच होते, कारण बिशप ते अगोदर कित्येक वर्षे अन्यत्र चालवीत होते. सबस्टॅकचा सौदा असा: मोफत अंक पाठविण्यास शुल्क नाही, सशुल्क वर्गणीतून १० टक्के कंपनीचे. पैसे ‘स्ट्राइप’ या देयक-व्यवस्थेतील लेखकाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात, आणि वाचकांची यादी केव्हाही उतरवून घेता येते.

शेवटच्या दोन कलमांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. यादी लेखकाची, आणि वर्गणी गोळा करणारे खातेही लेखकाचे. त्यामुळे लेखक निघाला तर वाचकाला कार्डाचा क्रमांक पुन्हा द्यावा लागत नाही. ठरलेल्या दिवशी वर्गणी कापली जाते, केवळ अंक दुसऱ्या यंत्रातून येतो. वर्गणीचा ज्यांनी थोडाफार अनुभव घेतला आहे त्यांना याचे मोल सांगावयास नको. मराठी नियतकालिकांचे व्यवस्थापक ‘वर्गणी संपली, कृपया नूतनीकरण करावे’ अशी पत्रे पिढ्यान् पिढ्या पाठवीत आले आहेत. वाचकाला पुन्हा पैसे भरण्याची कृती करावी लागली, की दरवेळी काही माणसे गळतात, आणि त्यांतील पुष्कळ जण रागाने नव्हे, केवळ आळसाने. (भारतीय लेखकांसाठी मात्र हा मुद्दा बराचसा पुस्तकी आहे. स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती केवळ निमंत्रणानेच देण्यास आरंभ केला, त्यामुळे मराठीतून सबस्टॅकवर सशुल्क बातमीपत्र चालविण्याची वाट मुळातच अरुंद आहे.)

कसोटीचा क्षण २०२३ च्या अखेरीस आला. पत्रकार जोनाथन कॅट्झ यांनी नोव्हेंबरात ‘द अटलांटिक’मध्ये दाखवून दिले की सबस्टॅकवरील किमान १६ बातमीपत्रे उघडपणे नाझी चिन्हे वापरीत आहेत, आणि अशा प्रकारच्या काही पत्रांतून वर्गणीही गोळा होत आहे. म्हणजे तिचा दशांश कंपनीला. डिसेंबरात दोनशेहून अधिक लेखकांनी एकाच मजकुराचे जाहीर पत्र प्रसिद्ध करून कंपनीस जाब विचारला. उलट बाजूनेही सही केलेले पत्र निघाले: कोणाला बोलू द्यावे हे कंपनीने ठरवू नये, असे त्या लेखकांचे म्हणणे. २१ डिसेंबर रोजी मॅकेन्झी यांनी उत्तर दिले. नाझी आपल्यालाही आवडत नाहीत, परंतु त्यांचे व्यासपीठ वा उत्पन्न काढून घेतल्याने ते विचार नाहीसे होत नाहीत, असा त्यांचा आशय होता.

स्टोन यांना परवाना देणाऱ्या टपालखात्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे, आणि सबस्टॅकच्या समर्थकांचा युक्तिवादही साधारण तोच होता: वाटप करणाऱ्याने मजकूर तपासू नये. पण ही तुलना अर्ध्या वाटेवर अडखळते. टपालखाते कोणाच्या वर्गणीतून दहावा हिस्सा घेत नव्हते. ते एका बातमीपत्राच्या वाचकाला ‘हेही वाचा’ म्हणून दुसरे सुचवीतही नव्हते. सबस्टॅकने एप्रिल २०२२ पासून शिफारशींची व्यवस्था सुरू केली होती, आणि एप्रिल २०२३ पासून ‘नोट्स’ नावाचा, ट्विटरसारखा प्रवाह. जो स्वतः शिफारशी पुढे ढकलतो आणि नफ्यात वाटा घेतो त्याला निव्वळ पोस्टमन म्हणणे कठीण आहे. तो थोडाफार प्रकाशकही झालेला असतो.

सिलिकॉन व्हॅलीतील कंपन्यांवर लिहिणारे केसी न्यूटन यांचे ‘प्लॅटफॉर्मर’ हे सबस्टॅकवरील नामांकित पत्रांपैकी एक. ‘द व्हर्ज’ सोडून त्यांनी ते २०२० मध्ये सुरू केले होते. त्यांची अडचण दुहेरी होती. मजकुराच्या नियंत्रणाचा प्रश्न हाच त्यांच्या लेखनाचा विषय, आणि आता त्यांचेच घर त्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी. त्यांनी कंपनीशी बोलणी केली, आक्षेपार्ह पत्रांची उदाहरणे पाठविली. कंपनीने त्यांतील पाच काढून टाकली, पण धोरण बदलण्याचे मान्य केले नाही. ११ जानेवारी २०२४ रोजी प्लॅटफॉर्मरने सबस्टॅक सोडत असल्याचे जाहीर केले. नवे ठिकाण ‘घोस्ट’.

घोस्ट ही जॉन ओनोलन आणि हॅना वुल्फ यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली, नफा न कमावणारी संस्था. तिची आज्ञावली मुक्त आहे. कोणीही ती आपल्या संगणकावर चालवू शकतो. ‘सायटेशन नीडेड’ या बातमीपत्राच्या मॉली व्हाइट यांनी त्याच सुमारास सबस्टॅक सोडून नेमके तसेच केले. ज्यांना ती उठाठेव नको त्यांच्यासाठी घोस्ट वाचकसंख्येनुसार ठरावीक शुल्क घेते. वर्गणीत मात्र वाटा मागत नाही.

पैशाचा हिशेब यामुळे दोन लेखकांसाठी दोन दिशांना जातो. वर्षाला एक लाख डॉलर वर्गणी जमविणारा लेखक सबस्टॅकला दहा हजार देतो. त्याने शुल्काच्या ठिकाणी जाणे सरळ फायद्याचे. ज्याचे तीनशे वाचक आहेत आणि वर्गणी शून्य, त्याला सबस्टॅक फुकट पडते आणि घोस्टचे बिल महिन्याला येते. तत्त्वासाठी स्थलांतर करणे मोठ्या लेखकाला स्वस्त आणि लहानाला महाग पडावे, ही या बाजाराची विपरीत रचना आहे. त्या हिवाळ्यात जे गेले नाहीत त्या सर्वांना तत्त्वशून्य ठरविणाऱ्यांनी हा हिशेब मांडला नव्हता.

प्लॅटफॉर्मरबरोबर काय गेले? वाचकांची यादी गेली. वर्गणीची खाती गेली. ‘प्लॅटफॉर्मर डॉट न्यूज’ हे संकेतस्थळाचे नावही न्यूटन यांचे स्वतःचे असल्याने गेले. इतरांनी आपल्या लेखांत दिलेले जुने दुवे अनाथ झाले नाहीत. शिफारशींतून येणारे नवे वाचक मात्र मागे राहिले. सबस्टॅकवरील मोठ्या पत्रांची वाढ बऱ्याच अंशी त्या यंत्रणेवर होत होती, आणि ती कोणत्याही तक्त्यात उतरवून घेता येत नाही.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती नवी आहे. सबस्टॅकच्या ॲपवर आता दोन प्रकारचे वाचक असतात. ‘सबस्क्रायबर’ म्हणजे ज्याने आपला ई-मेल दिला तो वर्गणीदार. ‘फॉलोअर’ म्हणजे नोट्सच्या प्रवाहात लेखकाला पाहणारा अनुयायी. लेखकाच्या पटलावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी झळकतात. निघताना पहिल्याचा पत्ता हाती पडतो, दुसऱ्याचा पडत नाही. म्हणजे ज्या सापळ्यातून सुटण्यासाठी लेखक ट्विटर सोडून ई-मेलकडे आले होते त्याची एक लहान प्रतिकृती ई-मेलच्याच घरात उभी राहिली आहे. जाण्याचा निर्णय पुढे ढकलणाऱ्याने निदान हे दोन आकडे दर महिन्याला वेगवेगळे टिपून ठेवावेत. त्यांतील दुसरा पहिल्यापेक्षा वेगाने वाढत असेल, तर दार अजून उघडे असले तरी उंबरा चढत चालला आहे.

स्टोन यांचे साप्ताहिक १९६८ मध्ये, प्रकृतीच्या कारणाने, पाक्षिक झाले आणि डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी ते बंद केले. तोवर अंकाचा खप सुमारे सत्तर हजारांवर गेला होता. एकोणीस वर्षे वर्गणी ५ डॉलरच राहिली. पत्त्यांचा आणि वर्गणीचा सारा व्यवहार त्यांच्या पत्नी एस्तेर सांभाळीत. सरकारने १९५७ च्या भूमिगत अणुचाचणीचे हादरे दोनशे मैलांपलीकडे कळले नाहीत असे म्हटले, तेव्हा दूर अलास्कापर्यंतच्या नोंदी शोधून काढणाऱ्या पत्रकाराला जग ओळखते. त्या नोंदी वाचकांच्या दारी पोहोचविणाऱ्या पत्त्यांच्या पाट्या जिने लावल्या ती व्यक्ती चरित्रांच्या कडेला राहते.

आजच्या पाट्या गूगल तपासते. १ फेब्रुवारी २०२४ पासून, म्हणजे प्लॅटफॉर्मर घर बदलीत होता आणि टायनीलेटर आवराआवर करीत होता त्याच हिवाळ्यात, जीमेलने मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांसाठी नवे नियम लागू केले. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पेट्यांकडे पाठविणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक सही-शिक्क्यांनिशी पटवावी, एका टिचकीत वर्गणी रद्द करण्याची सोय द्यावी, आणि नकोशा टपालाच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्यात. स्थलांतरित बातमीपत्राला ही परीक्षा नव्या यंत्राच्या नावाने पुन्हा द्यावी लागते. म्हणून अनुभवी लेखक नव्या ठिकाणाहून पहिल्याच दिवशी सगळी यादी हाती घेत नाहीत. आधी नियमित वाचणाऱ्या थोड्यांना, मग उरलेल्यांना, असे टप्प्याटप्प्याने पाठवितात. आणि जुन्या जागेवरून निघणाऱ्या शेवटच्या अंकात एक ओळ हमखास घालतात: पुढचे पत्र नव्या पत्त्यावरून येईल, ते दिसले नाही तर कृपया ‘स्पॅम’मध्ये पाहावे.